विंडहोकच्या नळाचं पाणी: एका पुणेकर बाईचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

नामिबिया म्हटलं की आपल्याकडे लोकांना सप्टेंबर 2022 मध्ये कुनोला आणलेले आठ चित्ते आठवतात, बाकी तिथलं फारसं काही कुणाला माहीत नसतं. नवऱ्याच्या कंपनीचं काम निघालं म्हणून आम्ही विंडहोकला, म्हणजे तिथल्या राजधानीत, राहायला गेलो, मी, हा आणि सासूबाई, वर्षभराच्या आसपास होतो. त्या पूर्ण काळात घरात आरओ नव्हता, वीस लिटरचे जार नव्हते, नळाखाली ग्लास धरायचा आणि प्यायचं, बास. आणि त्या ग्लासातलं काही पाणी थोड्या दिवसांपूर्वी त्याच शहरातल्या कुणाच्या तरी बेसिनमधून, बाथरूममधून, हो, संडासातूनसुद्धा वाहून गेलेलं असतं. हे तिथे 1968 पासून चालू आहे. सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाइपलाइनमध्ये देणारं जगातलं हे पहिलं शहर. परत आल्यापासून दर दुसरा माणूस मला ‘पाणी कसं होतं गं तिथलं?’ एवढंच विचारतो, चित्त्यांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

आधी परिस्थिती समजून घ्या, नाहीतर हे लोक असं का करतात ते कळणार नाही. विंडहोकला वर्षाला सरासरी साधारण 360 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या निम्मा म्हणा. पण खरा घात उन्हाचा आहे, पडतो त्याच्या जवळपास दहापट पाणी वाफ होऊन जाईल इतकं ते ऊन. एका अंगाला नामिबचं वाळवंट, दुसऱ्या अंगाला कालाहारी. बारमाही नद्या आहेत त्या देशाच्या सीमेवर, उत्तरेची ओकावांगो सुमारे 700 किलोमीटरवर, म्हणजे पुण्याला नागपूरहून पाणी आणायचं म्हटलं तर जेवढं लांब तेवढं. समुद्राचं पाणी गोडं करून आणा म्हणावं तर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 1,650 मीटर उंचीवर, तेवढं पाणी वर चढवायला वीज कोण देणार. तीन धरणं आहेत, फॉन बाख, स्वाकॉपपूर्ट आणि ओमाटाको, पण ज्या नद्यांवर ती बांधलीत त्या पावसाळ्यात थोडेच दिवस वाहतात, मग नुसती वाळू. आपण पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला भरली की वर्षभर निवांत, आपल्याला ही भीती कळायलाच वेळ लागतो. तिथे मात्र शाळेतल्या पोरालाही माहीत असतं की वापरलेलं पाणी फेकून देणं परवडत नाही.

आता मुख्य गोष्ट, पाणी बनतं कसं. गोरेआंगाब म्हणून जागा आहे शहराच्या कडेला, तिथे हा प्लांट. 1968 चा पहिला छोटा होता, 2002 मध्ये शेजारी नवा मोठा झाला, दिवसाला 2.1 कोटी लिटर क्षमतेचा. तो चालवायला जी कंपनी काढली तिच्या मूळ भागीदारांत फ्रान्सची व्हेओलिया होती, एक बर्लिनची होती आणि वाबाग होती, जिचं मुख्यालय आज आपल्या चेन्नईत आहे. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं, कारण ‘असलं सगळं आपल्याला जमणार नाही’ हे वाक्य आपण जरा जास्तच वेळा बोलतो.

नवऱ्याच्या ओळखीने प्लांट आतून बघायला मिळाला. मी इंजिनीअर नाही, कॉमर्सची आहे, पण सोसायटीच्या पाणी कमिटीत असल्यामुळे एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, ब्लोअर म्हणजे त्याच्या टाकीत हवा सोडणारं मशीन, एवढं कळतं. आणि मला सगळ्यात जास्त पटलं ते प्लांटमधलं कुठलंही मशीन नाही, तर प्लांटच्या कितीतरी आधी ते जे करतात ते. कारखान्यांचं सांडपाणी आणि घरांचं सांडपाणी ते शहरातच वेगळं ठेवतात. कारखान्यांचं जातं उजाम्स नावाच्या वेगळ्या प्लांटला. घरांचं जातं गामाम्सच्या एसटीपीला, तिथे आधी नेहमीसारखं शुद्ध होतं, आणि तेवढंच पाणी पुढे गोरेआंगाबला पिण्यायोग्य करायला घेतात. म्हणजे केमिकल आत आलं तर कसं काढायचं हा प्रश्न शक्यतो येऊच द्यायचा नाही. आपल्याकडे गॅरेजचं ऑइल, छोट्या वर्कशॉपचं पाणी, हॉस्पिटलचं, हॉटेलचं, आपल्या घरातलं, बऱ्याच ठिकाणी सगळं त्याच एका ड्रेनेजला, आणि मग शेवटी बसलेल्या प्लांटने जादू करावी अशी अपेक्षा.

पुढची प्रोसेस लांबलचक आहे. आधी ओझोन सोडतात, मग गाळ धरायला केमिकल घालतात, मग खालून बारीक हवेचे बुडबुडे सोडून तो सगळा गाळ वर तरंगवतात आणि काढून घेतात, मग वाळूचे फिल्टर, मग पुन्हा ओझोन, आणि हा ओझोन भारी काम करतो कारण जंतू तर मारतोच पण औषधं वगैरेंचे जे मोठे रेणू असतात ते तोडतो, मग ते तुकडे खाणारे चांगले बॅक्टेरिया ज्या कोळशावर वाढवलेत त्या कोळशातून पाणी जातं, मग अजून एकदा कोळसा, मग अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणजे जंतू अडकतील इतक्या बारीक छिद्रांच्या नळ्या, आणि शेवटी क्लोरिन. गहू निवडताना आपण आधी चाळतो, मग पाखडतो, मग ताटात घेऊन हाताने खडे काढतो ना, तसं, एकातून सुटलं तर पुढच्यात सापडेल या हिशोबाने सगळं रचलेलं. कुठल्याच एका पायरीवर पूर्ण भरवसा ठेवलेला नाही, आणि मला वाटतं हाच त्या प्लांटचा सगळ्यात शहाणा भाग आहे.

यात आरओ कुठे आहे असं आपल्या लोकांच्या मनात येणार. नाहीये. आरओ केलं की क्षारांचं खारट पाणी उरतं, ते समुद्रकाठच्या शहराला सोडता येतं, वाळवंटाच्या मधोमध कुठे टाकणार? शिवाय वीज खूप खातं ते. पण त्यामुळे क्षार पाण्यातच राहतात, म्हणून हे पाणी नुसतं देत नाहीत, धरणाच्या पाण्यात मिसळून देतात आणि त्याचा वाटा एकूण पाण्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतका ठेवतात. हे नीट समजून घ्या, कारण मला इथे काही जणांनी ‘म्हणजे ते लोक गटाराचंच पाणी पितात का’ असं तोंड वाकडं करून विचारलंय. नाही. जे पितात ते आपल्या बहुतेक टँकरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तपासलेलं असतं.

चवीबद्दल. पहिल्या आठवड्यात क्लोरिनचा हलका वास जाणवायचा, भांड्यात काढून झाकून ठेवलं की जायचा. नंतर तोही जाणवेनासा झाला. खडकवासल्याच्या पाण्यापेक्षा जड आहे हे मात्र नक्की, आपलं पुण्याचं कॉर्पोरेशनचं पाणी इतकं मऊ आहे की आपल्याला त्याची किंमत नाही. तिथे तूरडाळीला एखादी शिट्टी जास्त लागायची, इलेक्ट्रिक किटलीत पांढरा थर धरायचा, आणि केस धुतल्यावर जरा राठ वाटायचे. चहा उत्तम. भात उत्तम. पोट कुणाचंही एकदाही बिघडलं नाही, सासूबाईंचंही नाही, ज्यांचं पुण्यात महिन्यातून एकदा तरी बिघडतं.

सासूबाईंचं सांगायलाच हवं, कारण खरा रिव्ह्यू त्यांचाच आहे.

त्या पंढरपूरच्या. सोवळंओवळं फार कडक नाही, पण देवपूजा रोज, एकादशी न चुकता. आम्ही त्यांना पाण्याचं आधीच सांगितलं, लपवून ठेवायचं नाही असं ठरवलंच होतं. ऐकल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, रात्री मला म्हणाल्या, “अगं, पिण्याचं एक वेळ राहू दे, पण देवाला अंघोळ कशी घालायची याने?” मी म्हटलं, “आई, तुमच्या मनाला पटत नसेल तर पूजेपुरतं आपण बाटलीचं आणू.” तसं काही दिवस केलं. पिण्याचं त्या उकळून, गाळून, झाकून ठेवायच्या. मी काही समजवायला गेले नाही, कारण किळस ही समजावून जाणारी गोष्ट नाही आणि त्यांना अडाणी समजून लेक्चर देणं मला बरं वाटलं नसतं.

मग आम्ही प्लांट बघून आल्यावर नवरा त्यांना कागदावर चौकोन काढून सगळं सांगत बसला, हा ओझोन, हा कोळसा, ही गाळणी. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, “आणि बिघडलं तर?” हा म्हणाला, “आई, बिघडलं तर पुढे सोडतच नाहीत. मीटर लावलेत जागोजागी, आकडा चुकला की पाणी परत मागे फिरवतात, शहराला जाऊ देत नाहीत.” त्यावर त्या म्हणाल्या, “आमच्याकडं कुणी असं मागं फिरवलं असतं तर लई बरं झालं असतं. उन्हाळ्यात नळाला हिरवंगार पाणी यायचं बघ, वास मारायचा, तुरटी फिरवून फडक्यानं गाळून पीत होतो. ते कुठनं आलंय हे कुणी सांगितलं आम्हाला?”

दुसऱ्या दिवसापासून देवपूजेचा तांब्या त्यांनी नळावर भरला. त्यात घरून आणलेल्या गंगाजलाचा एक थेंब घालायच्या, तेवढं त्यांचं त्यांनी ठरवलं.

मी पुण्यात वाढले, आणि सासूबाईंच्या त्या वाक्यानंतर मला आपल्या नद्यांकडे आधीसारखं बघता येत नाही. सरळ हिशोब आहे. आपल्या घरातून निघालेलं पाणी मुळा-मुठेत जातं, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत. उजनी म्हणजे 117 टीएमसीचं धरण, सोलापूर शहराच्या पिण्याचं पाणी मुख्यतः तिथून येतं, आणि पंढरपूरला चंद्रभागा म्हणून आपण जिला हात जोडतो ती हीच भीमा. म्हणजे वापरलेलं पाणी पुन्हा पिण्यात आणण्याची योजना आपल्याकडे कित्येक वर्षं चालूच आहे, फक्त ती कुणी आखलेली नाही, तिच्या मध्ये ओझोन नाही, कोळसा नाही, आकडा चुकला तर पाणी मागे फिरवणारा माणूस नाही. विंडहोकवाले स्वतःचं वापरलेलं पाणी पूर्ण शुद्ध करून स्वतः पितात. आपण आपलं पाणी अर्धवट शुद्ध करून दुसऱ्यांना पाजतो, आणि त्यातले लाखो लोक आषाढीला त्याच पाण्यात डोकं भिजवतात. मग किळस नक्की कशाची यायला पाहिजे?

पुण्यात काहीच होत नाही असं नाही. जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या कर्जातून 11 नवे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, एकूण 39.6 कोटी लिटर रोजचे, म्हणजे गोरेआंगाबच्या जवळपास एकोणीस पट. करार जानेवारी 2016 चा आहे आणि 2025 उजाडलं तरी सगळे प्लांट पूर्ण झालेले नव्हते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून नदीतलं पाणी उचलून बेबी कालव्याने शेतीला देतात, कल्पना चांगलीच आहे, पण शेतकऱ्याला मिळणारं पाणी किती शुद्ध हे शेवटी वरच्या प्लांटवर ठरतं. नागपूरने तर दाखवून दिलंय, तिथलं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला जातं आणि तेवढं धरणाचं पाणी माणसांसाठी वाचतं. म्हणजे महाराष्ट्रात जमतं.

आता आमच्या सिंहगड रोडबद्दल बोलते, कारण इथे राहणाऱ्याला पाण्याचा विषय डोक्यातून काढताच येत नाही. जानेवारी 2025 मध्ये जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम नावाचा मज्जातंतूंचा आजार आला, किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला हा सगळा पट्टा. हातापायातली ताकद जाते, काही जणांना व्हेंटिलेटर लागला, काही लोक गेले. संशयित पेशंटचा आकडा 200 च्या वर गेला, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा बॅक्टेरिया सापडला आणि संशय पाण्यावर गेला, विहिरीच्या, टँकरच्या, गल्लीतल्या खासगी आरओ प्लांटच्या. कॉर्पोरेशनने त्यातले बरेच आरओ प्लांट बंदही केले. आता विचार करा, विहिरीचं पाणी, म्हणजे आपल्या मनात एकदम शुद्ध, जमिनीतलं, नैसर्गिक. आणि तिकडे विंडहोकचं पाणी, म्हणजे ऐकल्यावर अंगावर काटा. पण कुठल्या पाण्याला रोज, तासातासाला तपासणारं कुणी होतं? विंडहोकमध्ये या पाण्यामुळे लोकांना काही आजार होतात का याचे अभ्यास पूर्वीच झालेत, संबंध सापडला नाही. लुकास व्हॅन वुरेन म्हणून दक्षिण आफ्रिकेतले शास्त्रज्ञ होते, या कामाच्या सुरुवातीच्या लोकांपैकी, त्यांचं म्हणणं असं की पाण्याला त्याच्या इतिहासावरून नाही तर त्याच्या दर्जावरून जोखा. मी आता यावर शंभर टक्के विश्वास ठेवते.

टीडीएसच्या पेनबद्दल पण बोलू दे. आपल्याकडे प्युरिफायर विकणारा येतो, पेन बुडवतो, आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. तो आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा असतो. जंतू त्यात दिसत नाहीत. कॅम्पायलोबॅक्टर असलेलं पाणी त्या पेनावर छान कमी आकडा दाखवू शकतं, आणि विंडहोकचं नीट तपासलेलं पाणी जास्त दाखवेल. खडकवासल्याच्या मऊ पाण्याला घरोघरी आरओ लावून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं हे मला तर बघवत नाही. हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलंय की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला. जंतूंची भीती असेल तर यूव्ही लावा, उकळा, टाकी धुवा, आणि पाणी लॅबमध्ये देऊन बॅक्टेरियाची टेस्ट करून घ्या.

आणि आता सोसायटीचा एसटीपी, ज्याच्यासाठी खरं तर मी हा सगळा उद्योग करतेय. आमच्याकडे प्लांट आहे, फ्लशसाठी आणि बागेसाठी वेगळी लाइन आहे, कागदावर सगळं झकास. कॉन्ट्रॅक्टरचं नाव घेत नाही, पण कितीतरी महिने फ्लशला काळपट, वासाचं पाणी येत होतं आणि लोक वैतागून ‘नको तो प्लांट, टँकर मागवा’ म्हणत होते. चौकशी केली तर रात्री ब्लोअर बंद ठेवत होते, वीजबिल कमी दिसावं म्हणून. ब्लोअर बंद म्हणजे टाकीतल्या बॅक्टेरियाला हवा नाही, ते मेले की पाणी सडणारच, यात टेक्नॉलॉजीचा काय दोष? प्लांटची सँपल टेस्ट व्हायची, पण सँपलच्या दिवशी ब्लोअर चालू. विंडहोकहून आल्यावर मला हा फरक इतका स्पष्ट दिसला की बोलायची सोय नाही. तिथे मशीन आपल्यापेक्षा काही जगावेगळी नाहीत, वाळू, कोळसा, ओझोन सगळं इथे पण मिळतं. तिथे आकडा चुकला तर पाणी थांबतं. इथे आकडा चुकला तर कागद बदलतो.

म्हणून कुणी विचारलं की पुण्यात हे पिण्याचं पाणी आणायचं का, तर माझं उत्तर आहे, आज नाही, आधी सोलापूरचं बघा. आपल्याला खडकवासला आहे, आपली घाई नाही. पण जे पाणी आपण खाली सोडतो ते एवढं स्वच्छ असायला पाहिजे की ते सोडणाऱ्या माणसाला त्यातलाच एक ग्लास प्यायला दिला तर त्याने मागे सरू नये. बांधकामाला, गाड्या धुवायला, बागेला, फ्लशला शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरा, उन्हाळ्यात टँकरच्या मागे धावणाऱ्या वाघोली, उंड्री, बाणेरच्या सोसायट्यांना तर स्वतःचा एसटीपी नीट चालवला तरी मोठा दिलासा मिळेल.

जग त्या दिशेने चाललंय एवढं मात्र खरं. सिंगापूरचं न्यूवॉटर, म्हणजे त्यांचं शुद्ध केलेलं सांडपाणी, आता वीस वर्षांहून जुनं झालं. अमेरिकेत टेक्साससारख्या कोरड्या राज्यात बिग स्प्रिंग नावाच्या गावाने 2013 मध्ये हे चालू केलं. एल पासो, ते पण वाळवंटातलंच शहर, 1985 पासून शुद्ध केलेलं सांडपाणी जमिनीखाली मुरवतंय आणि 2025 मध्ये त्यांनी थेट नळात पाणी देणारा प्लांट बांधायला घेतला, दिवसाला एक कोटी गॅलनचा, म्हणजे 3.8 कोटी लिटर. उलट ऑस्ट्रेलियात टूवूम्बा नावाच्या गावात 2006 मध्ये यावर मतदान घेतलं आणि साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हणून सांगितलं, तेही दुष्काळ चालू असताना. मला त्या लोकांचं वाईट वाटत नाही, त्यांना विश्वास वाटेल असं कुणी त्यांच्याशी बोललंच नसणार. सासूबाईंना मशीनची नावं ऐकून विश्वास बसला नव्हता, ‘बिघडलं तर काय’ याचं सरळ उत्तर मिळालं तेव्हा बसला.

अर्धा स्टार का कापला ते राहिलंच. शहराच्या उत्तर-पश्चिम कडेला काटुटुराच्या पलीकडे पत्र्याच्या घरांच्या मोठ्या वस्त्या आहेत, तिथे घरोघरी नळ नाही. सार्वजनिक नळावरून बायका-पोरं पाणी भरून नेतात. आमच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास जगातलं सगळ्यात विचारपूर्वक बनवलेलं पाणी, आणि तिथे त्याच पाण्यासाठी डोक्यावर कॅन घेऊन चढ चढायचा. पाणी बनवण्यात एवढी अक्कल लावणाऱ्या शहराने ते शेवटच्या घरापर्यंत न्यायला हवं, म्हणून अर्धा कापला. दर पण टप्प्याटप्प्याने वाढतात, जास्त वापरलं की युनिटचा भाव चढतो, पण ते मला बरोबरच वाटतं, आमच्या घरात बादलीने अंघोळीची सवय त्यामुळेच परत लागली.

पुण्यात परत आल्यावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच मागणी लावून धरलीय. एसटीपीच्या आउटलेटचं सँपल महिन्यातून एकदा, न सांगता, कमिटीतल्या कुणीतरी स्वतः भरायचं, बाहेरच्या लॅबला द्यायचं, बीओडी (पाण्यात उरलेली सडणारी घाण), गढूळपणा, शिल्लक क्लोरिन आणि ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) हे चार आकडे लिफ्टच्या शेजारी नोटीस बोर्डवर लावायचे. ब्लोअरला वेगळं वीज मीटर बसवायचं, म्हणजे रात्री बंद होता का ते रीडिंगवरून कळेल. पहिल्या वेळी निम्मे लोक कंटाळले होते, आता सेकंड फ्लोअरच्या काकाच मला विचारतात, ‘या महिन्याचा रिपोर्ट आला का गं?’

विंडहोकला कुणी जाणार असाल तर बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका, नळाचं बिनधास्त प्या, लहान मुलांनाही द्या, आम्ही तिथल्या शेजाऱ्यांच्या तान्ह्या बाळापासून सगळ्यांना तेच पिताना बघितलंय. किटलीत अधूनमधून लिंबू पिळून पाणी उकळा, थर निघून जातो. तूरडाळ आधी अर्धा तास भिजत घाला. आणि जमलं तर गोरेआंगाबचा प्लांट बघायची परवानगी आधी मेल करून मागा, पोरांना घेऊन जाता आलं तर नक्की न्या.